पंधरा सेकंदांची मदत : गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत फायर एक्स्टिंग्विशर निवडताना आणि वापरताना

सहा किलो पावडरचा एक्स्टिंग्विशर सलग दाबून धरला, तर साधारण पंधरा ते वीस सेकंदांत रिकामा होतो. दोन किलोचा आठ-दहा सेकंदांत. दाराची कडी काढून अंगणात येईपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाच. आग विझवणारे यंत्र म्हणून आपण तो विकत घेतो, पण खरे तर तो मोजक्या सेकंदांची मदत आहे. ते सेकंद कामी येतील की वाया जातील, हे आग लागण्याच्या कितीतरी आधी ठरलेले असते : कोणत्या प्रकारचा घेतला, कुठे टांगला, आत दाब शिल्लक आहे का, आणि दाबणाऱ्याच्या पाठीमागे बाहेरची वाट आहे का.

गोव्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे हवा. कळंगुटपासून पाळोळेपर्यंत किनाऱ्यावर खारे वारे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळीकडेच ओल. इथले बरेच एक्स्टिंग्विशर आगीत कमी पडत नाहीत, त्याआधीच भिंतीवर निकामी होतात. म्हणून निवडीइतकीच जागा या लेखात देखभालीला दिली आहे.

आधी आग ओळखा

लेबलवर मोठ्या अक्षरांत ए, बी, सी असे लिहिलेले असते. ती मालाची प्रत नव्हे, आगीचा वर्ग आहे.

ए म्हणजे जळून राख किंवा निखारा मागे ठेवणारे पदार्थ : लाकूड, कपडा, कागद, गादी, माडाची झापे, सुके गवत. बी म्हणजे जळणारे द्रव : पेट्रोल, डिझेल, रंग, थिनर, दारू. सी म्हणजे जळणारे वायू; आपल्याकडे मुख्यतः स्वयंपाकाचा गॅस. डी म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू. ते कारखान्यांचे प्रकरण आहे, घराशी त्याचा संबंध नाही. तळणीच्या तापलेल्या तेलाची आग दिसायला बी वर्गासारखी असली तरी वागते वेगळी, म्हणून तिला एफ हा स्वतंत्र वर्ग दिला आहे. अमेरिकी लेबलवर त्याच जागी के लिहिलेले असते.

विजेचा वेगळा वर्ग या यादीत नाही. वीज जळत नाही, तिच्यामुळे वायरवरचे प्लास्टिक, लाकडी फळी, पडदा जळतो. मेन स्विच पाडला की ती साधी ए वर्गाची आग उरते. स्विच पाडता येत नसेल तर वीज न वाहणारे माध्यमच हवे, म्हणजे पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा क्लीन एजंट (मागे काही न ठेवणारे, आग विझवणारे खास रसायन).

आत काय भरलेले असते

एबीसी पावडर हा सर्वांत जास्त खपणारा प्रकार. त्यात मोनो अमोनियम फॉस्फेट असते. लाकडावर किंवा कापडावर पडल्यावर ते उष्णतेने वितळते आणि निखाऱ्यावर चिकट थर धरते. द्रव आणि वायूच्या ज्वाळेत ते जळण्याची साखळी तोडते. दुकानदार त्यालाच एमएपी म्हणतात आणि ‘पन्नास टक्केवाला’ व ‘नव्वद टक्केवाला’ असे दोन भाव सांगतात. आकडा जितका मोठा तितके कामाचे रसायन जास्त. किमतीतला फरक असतो, पण तो देण्यासारखा आहे.

पावडरचे तीन दोष माहीत असलेले बरे. पहिला, ती थंड करत नाही. ज्वाळा क्षणात पडते, पण खालचा निखारा किंवा तेल तापलेलेच राहते आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा पेट घेऊ शकते. दुसरा, बंद खोलीत तिचे इतके ढग उठतात की समोरचे दार दिसेनासे होते. तिसरा दोष गोव्यात विशेष जाणवतो. हवेतली ओल शोषून ही पावडर आम्लधर्मी होते आणि तांब्याच्या तारा, सर्किट खाऊन टाकते. संगणकाच्या खोलीत तिने आग विझते, पण वाचलेली यंत्रे महिन्याभरात मरतात.

कार्बन डायऑक्साइडचा एक्स्टिंग्विशर काळ्या शिंगासारख्या नळीवरून ओळखता येतो. मागे काहीही राहत नाही, म्हणून विजेचे पॅनल, सर्व्हर, लॅब यांसाठी तो उत्तम. मात्र त्याचा मारा जेमतेम एक-दोन मीटर, आणि उघड्यावर वारा तो वायू उडवून नेतो. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये त्याचा उपयोग नाही म्हटले तरी चालेल. कागद-कपड्यावर त्याच्या झोताने ठिणग्या उडतात आणि निखारा पुन्हा फुलतो. आणि लहान खोलीत तो माणसालाही गुदमरवतो. एक किलो वायू सुटल्यावर साधारण अर्धा घनमीटर जागा व्यापतो. साडेचार किलोचा संपूर्ण एक्स्टिंग्विशर तीन मीटर लांब, रुंद आणि उंच बंद खोलीत मोकळा केला, तर हवेतले त्याचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास जाते. काही मिनिटांत शुद्ध हरपायला तेवढे पुरते. फवारा मारून लगेच बाहेर या, दार लावून घ्या, खोली मोकळी झाल्याशिवाय परत शिरू नका.

पाण्याचा नऊ लिटरचा एक्स्टिंग्विशर आता कोणी मागत नाही, ही चूकच आहे. झापे, गवत, गाद्या, लाकूड यांत आग खोल शिरते आणि तिला थंड करणारे पाण्याइतके स्वस्त दुसरे काही नाही. मारा सहा मीटरच्या आसपास जातो. चालू विजेवर आणि तेलावर मात्र कधीही नाही.

मेकॅनिकल फोम, म्हणजे एएफएफएफ, डिझेल-पेट्रोलवर पातळ पडदा पसरवून वाफ दाबतो. तोही पाण्यातलाच असल्याने चालू विजेवर चालत नाही. वेट केमिकल हा हॉटेलच्या तळणीसाठीचा खास प्रकार. त्यातले पोटॅशियमचे क्षार तापलेल्या तेलाशी मिळून वर साबणाचा थर धरतात आणि तेल थंडही करतात. क्लीन एजंट महाग, पण कमी जागेत नाजूक यंत्रे असतील तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा माणसाला सुसह्य.

कुठे कोणता

घर. चार किलोचा एक एबीसी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. भरलेला साडेसहा-सात किलो भरतो. घरातल्या ज्येष्ठ माणसाला तो उचलवत नसेल तर दोन किलोचे दोन घ्या, पण एक किलोचा घेऊन समाधान मानू नका. सोबत ओट्याजवळ हाताशी येईल असे एक फायर ब्लँकेट आणि कढईवर बसणारे सपाट झाकण. माडी किंवा दुमजली घर असेल तर वर जिन्याच्या तोंडाशी दुसरा.

शॅक. इथे तीन वेगवेगळ्या आगी शेजारीशेजारी नांदतात : व्यावसायिक गॅसचे १९ किलोचे सिलिंडर, तळणीचे तेल आणि डोक्यावर बांबू-झापांचे छप्पर. स्वयंपाकाच्या भागाच्या तोंडाशी सहा किलोचा एबीसी, बसण्याच्या भागाच्या दोन्ही टोकांना नऊ लिटरचा पाण्याचा, आणि पाण्याने भरलेल्या बादल्या. झापांवर पावडर मारली की वरची ज्वाळा जाते, आतला धुमसता थर वाऱ्याने पुन्हा उठतो. तिथे पाणीच हवे. छपराला दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे पाणी मारण्याआधी वीज बंद करणारा माणूस ठरलेला असावा. आणि हेही स्पष्ट असू द्या : ज्वाळा छपराला लागली की एक्स्टिंग्विशरचे काम संपले, गिऱ्हाइकांना बाहेर काढायचे.

हॉटेलचे स्वयंपाकघर. तळणी असेल तिथे सहा लिटरचा वेट केमिकल, गॅसच्या पाइपसाठी बाहेर एबीसी. धुराड्याच्या डक्टमध्ये साचलेल्या तुपट काजळीपर्यंत हाताने वापरायचा कोणताही एक्स्टिंग्विशर पोचत नाही. तिला उपाय एकच, वेळेवर सफाई.

काजूची भाटी, म्हणजे काजूची दारू गाळण्याची जागा. फेब्रुवारी ते मे या काळात भाणाखाली (रस उकळण्याच्या भांड्याखाली) लाकडाचा जाळ आणि हाताच्या अंतरावर दारू. हुर्राक, म्हणजे पहिल्या गाळपाची सौम्य दारू, पंधरा टक्के मद्यार्काच्या आसपास असतो, सहजी पेटत नाही. फेणी चाळीसच्या वर. चाळीस टक्के मद्यार्काची वाफ साधारण २६ अंश सेल्सिअसला पेटू शकते, आणि एप्रिलमध्ये भाटीच्या छपराखाली तापमान त्याहून जास्तच असते. साधा फोम मद्यार्कात विरघळून फुटतो. घ्यायचाच तर अल्कोहोल-रोधक असे लेबलवर लिहिलेला घ्यावा. सहा किलोचा एबीसी जास्त सोयीचा. सांडलेल्या फेणीवर भरपूर पाणी ओतले तरी मद्यार्क पातळ होऊन आग विझते, डिझेलच्या बाबतीत मात्र असे होत नाही. भाटीच्या वर डोंगरउतारावर काजूची बाग असेल तर पाचोळा दहा पावले तरी साफ ठेवा.

ऑफिस, दुकान, बँकेची शाखा. एबीसी सर्वसाधारण वापराला, पॅनल आणि सर्व्हरपाशी साडेचार किलोचा कार्बन डायऑक्साइड.

मोटार. एक किंवा दोन किलोचा एबीसी, पुढच्या सीटखाली पट्ट्याने आवळलेला. डिकीत ठेवला तर अपघातात दाबलेल्या डिकीतून निघत नाही. उन्हात उभ्या गाडीत आतले तापमान साठ अंशांपर्यंत चढू शकते, म्हणून लेबलवरचे कमाल तापमान वाचूनच घ्या.

ट्रॉलर. इंजिनच्या खणासाठी फोम किंवा पावडर, आणि खणाचे झाकण. झाकण लावून हवा तोडणे हाच तिथला पहिला एक्स्टिंग्विशर. मालिम किंवा कुटबणच्या जेटीवर होड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, त्यामुळे पेटलेली होडी सुटी कशी करायची हेही आधीच ठरवावे लागते.

विकत घेताना

बाटलीवर आयएसआय चिन्ह, त्याच्या वर आयएस १५६८३ हा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. हा परवाना क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव दिसते. ते बाटलीवरच्या नावाशी जुळले पाहिजे. चिन्ह छापणे सोपे आहे. क्रमांक जुळवणे मात्र नकली माल विकणाऱ्याला जड जाते.

त्यानंतर रेटिंग पाहा. २ए, २१बी असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितकी मोठी आग त्या बाटलीने चाचणीत विझवली आहे. समान वजनाच्या दोन बाटल्यांत भाव वेगळा का, याचे उत्तर बहुधा इथेच असते.

उत्पादनाचा महिना-वर्ष बाटलीवर ठोकलेले असते. दोन वर्षे गोदामात पडून राहिलेला माल सवलतीत मिळाला तरी घेऊ नका, त्याच्या आयुष्यातली दोन वर्षे तुम्ही न वापरता गमावलेली असतात. दाबमापकाचा काटा हिरव्यात, पिन सरळ, तिच्यावर प्लास्टिकचे सील, नळीला चीर नाही. तळाची कडा बोटाने चाचपा. रंगाखाली फुगवटा लागला तर आत गंज आहे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी पावडर कोटिंग जाड असलेली बाटली मागावी आणि भिंतीचा हूक स्टेनलेस स्टीलचा वेगळा घ्यावा. सोबत मिळणारा लोखंडी हूक दोन पावसाळ्यांत भिंतीवर तांबडा ओघळ सोडतो.

जुन्या इमारतींत अजून दिसणाऱ्या, उलट्या करून वापरायच्या सोडा-ॲसिडच्या बाटल्या वापरू नयेत. डोक्यावर ठोकायची कळ असलेले कार्ट्रिजचे (दाबाचा वायू आत वेगळ्या लहान नळकांड्यात असलेले) प्रकार अजून कामात आहेत. ते वापरताना बाटली सरळ उभी ठेवायची, चेहरा झाकणावरून दूर घ्यायचा, कळ ठोकायची, दोन-तीन सेकंद आत दाब चढू द्यायचा आणि मगच नळीची पकड दाबायची.

टांगण्याची जागा

शेगडीच्या वर नाही, गॅस सिलिंडरच्या शेजारी नाही. आग लागल्यावर जिथे हात घालता येणार नाही, अशा जागी टांगलेला एक्स्टिंग्विशर म्हणजे भिंतीची शोभा. नियम असा की तुम्ही आधी दाराकडे जाता, तिथून तो घेता आणि वाटल्यास परत वळता. स्वयंपाकघर ते ओसरी या वाटेवर, ओसरीकडच्या बाजूला. मोठ्या जागेत कुठूनही पंधरा मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये. तळ जमिनीपासून साधारण पाऊण मीटरवर.

जांभ्या दगडाच्या भिंतीत आखूड प्लग धरत नाही, दगड भुसभुशीत होऊन सुटतो. लांब अँकर घ्या आणि बसवल्यावर बाटलीच्या दुप्पट वजनाने ओढून पाहा. फरशीवर ठेवायचाच असेल तर स्टँडवर. पुसण्याच्या पाण्याने तळ सतत ओला राहिला की गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवण्याची सवय अनेकांना आहे. पिशवी ओल आत कोंडते आणि ऐन वेळी गाठ सोडण्यात पाच सेकंद जातात. पेटीत ठेवला तर कुलूप नको.

चवथीच्या दिवसांत माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट), पडदे, दिव्यांच्या माळा लागतात आणि सामान हलवाहलवीत एक्स्टिंग्विशर कशाच्या तरी मागे जातो. वर्षातला सर्वांत जास्त समया, कापूर आणि फटाक्यांचा आठवडा नेमका तोच. नरकासुर जाळण्याच्या रात्री मात्र पावडरवर विसंबू नका. मोकळ्या मैदानात वारा ती नेतो. तिथे पाण्याच्या भरलेल्या बादल्या आणि पाइप.

प्रत्यक्ष वापर

पिन काढण्याआधी चार गोष्टी पाहायच्या, आणि त्यांतली एक जरी चुकली तरी आग सोडून बाहेर पडायचे. आग कचऱ्याच्या डब्याएवढीच आहे का? धूर अजून डोक्याच्या वरच आहे का? तुमची पाठ दाराकडे आहे का? दुसऱ्या कोणी १०१ किंवा ११२ वर फोन लावला आहे का? डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबच्या आगीत २५ माणसे गेली, त्यांतली बहुतेक गुदमरून. खोली धुराने भरू लागली की उरलेले सेकंद आगीसाठी नसतात, दारासाठी असतात.

१. एक्स्टिंग्विशर हूकवरून उचला आणि आगीपासून दूर असतानाच सील तोडा. पिन पिळून ओढली की प्लास्टिकचे सील तुटते. घाईत लोक एका हाताने दांडी दाबून धरतात आणि दुसऱ्याने पिन ओढतात. दाबलेल्या दांडीत पिन आवळली जाते आणि निघत नाही. बाटली खाली टेका किंवा फक्त खालच्या दांडीने धरा, मग पिन ओढा.

२. क्षणभर दाबून पाहा. फुस्स आवाज होऊन पावडर आली तर पुढे जा. नाही आली तर ती बाटली टाका आणि बाहेर पडा. आगीसमोर पोचल्यावर ती रिकामी असल्याचे कळणे फार महाग पडते.

३. पावडर असेल तर दोन ते तीन मीटरवर थांबा, कार्बन डायऑक्साइड असेल तर एक-दीड मीटरवर. उघड्यावर वारा पाठीवर घ्या. शिंगाला हात लावू नका, बाहेर पडणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत गार असतो आणि कातडी शिंगाला चिकटते, पकड मुठीवर.

४. नेम ज्वाळेच्या बुडाशी. वर नाचणाऱ्या ज्वाळेवर मारलेली पावडर तिच्यातून पलीकडे जाते आणि जळणाऱ्या वस्तूला शिवतही नाही. बहुतेक बाटल्या अशाच वाया जातात.

५. दांडी पूर्ण दाबा आणि नळी डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखी फिरवा. आगीच्या पुढच्या काठापासून सुरुवात करून मागे सरकवत न्या. बाटली सरळ उभी ठेवा; आडवी धरली तर आतली नळी पावडरऐवजी वरचा वायू ओढते आणि दाब फुकट जातो.

६. ज्वाळा पडली तरी दांडी सोडून पाठ फिरवू नका. नजर तिथेच ठेवून मागे सरका. पुन्हा पेटली तर उरलेली पावडर मारा. संपली आणि आग शिल्लक आहे, तर बाहेर निघून दार लावून घ्या. कुलूप नको.

जिथे हमखास चुकते

कढईचे तेल. गॅस बंद, झाकण सरकवत वर ठेवायचे, कढई अजिबात हलवायची नाही, अर्धा तास तरी झाकण उघडायचे नाही. पाणी टाकले तर ते तेलाच्या खाली बुडते, क्षणात वाफ होऊन सुमारे सतराशे पट फुगते आणि जळते तेल छतापर्यंत उडवते. पावडरचाच पर्याय उरला तर जवळून झोत मारू नका, तो तेल कढईबाहेर फेकतो. दोन-तीन मीटरवरून ढगासारखी पडू द्या.

गॅसची गळती पेटली असेल तर आधी रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह. ओला जाड टॉवेल हाताभोवती गुंडाळून तो फिरवता येतो. व्हॉल्व्ह बंद होत नसताना ज्वाळा विझवली, तर गॅस गळतच राहतो. तो हवेपेक्षा जड असल्याने फरशीवर, पायऱ्यांखाली साचतो आणि पुढची ठिणगी आगीऐवजी स्फोट घडवते. अशा वेळी ज्वाळा जळू द्यायची, आजूबाजूचे सामान हटवायचे आणि माणसांना लांब न्यायचे.

मोटारीच्या बॉनेटमधून धूर आला तर बॉनेट पूर्ण उघडू नका; हवा मिळताच आग उसळते. खटका सोडून बोटभर फट ठेवा आणि नळी त्या फटीतून आत मारा.

इलेक्ट्रिक स्कूटरची किंवा मोबाइलची लिथियम बॅटरी पेटली, तर पावडरने ज्वाळा पडते पण आतली रासायनिक उष्णता थांबत नाही. निघणारा धूर विषारी असतो. लहान बॅटरी उघड्यावर ढकलून भरपूर पाणी ओता. स्कूटरची असेल तर लांब राहा आणि अग्निशमन दलाला सांगताना ‘बॅटरीची गाडी’ हे आवर्जून सांगा. स्कूटर जिन्याखाली, बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर चार्जिंगला लावणे ही अलीकडची सर्वांत वाईट सवय.

माणसाच्या कपड्यांनी पेट घेतला तर ब्लँकेट किंवा पाणी. कार्बन डायऑक्साइड माणसावर मारू नये.

महिन्याची पाच मिनिटे

दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी एक फेरी. काटा हिरव्यात आहे का, आणि काचेवर टिचकी मारल्यावर हलतो का. ओल शिरून अडकलेला काटा कायम हिरवाच दाखवतो. सील आणि पिन जागेवर आहेत का. नळी काढून तिच्या तोंडात पाहा : गोव्यात कुंभारमाशी नळीत मातीचे घर बांधते आणि ते सिमेंटसारखे घट्ट होते. तळाची कडा, व्हॉल्व्हखालची मान आणि पट्ट्याखालची जागा या तीन ठिकाणी गंज आधी दिसतो. वरचा तांबूस डाग पुसता येतो, पण पापुद्रे सुटत असतील किंवा खड्डे पडले असतील तर ती बाटली बाद. १५ बारच्या आसपास दाब भरलेल्या बाटलीचा गंजलेला तळ दांडी दाबतानाच फुटू शकतो. खाऱ्या हवेत महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा.

तीन महिन्यांनी एकदा पावडरची बाटली उलटी करून हातावर हलवा. आत वाळू सरकावी तसे जाणवले पाहिजे. एकच ढेकूळ धप्पकन आपटले किंवा काहीच हलले नाही, तर पावडर बसली आहे. काटा कितीही हिरवा असला तरी फक्त वायू बाहेर येईल.

कार्बन डायऑक्साइडला दाबमापक नसतो, आणि त्याला कारण आहे. ३१ अंशांच्या खाली आत द्रव आणि वायू सोबत असतात. द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे अर्धी गळालेली बाटलीही भरलेलीच वाटते. खरे काय ते वजनच सांगते. मानेवर किंवा व्हॉल्व्हवर रिकामे वजन ठोकलेले असते. त्यात वायूचे वजन मिळवा आणि काट्यावर तोला. साडेचार किलोच्या बाटलीत ४५० ग्रॅमपेक्षा जास्त तूट, म्हणजे दहा टक्क्यांवर, तर भरायला द्या. मासळी तोलण्याचा टांगता काटा या कामाला पुरतो.

पाणी, फोम आणि पावडरच्या बाटल्यांची हायड्रो-टेस्ट (पाण्याच्या दाबाने बाटलीची ताकद तपासणे) साधारण दर तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडची पाच वर्षांनी होते. बाटलीचे आयुष्य पावडर-फोमसाठी दहा वर्षे, कार्बन डायऑक्साइडसाठी पंधरा धरतात. समुद्राला लागून असाल तर त्याआधीच बदलण्याची तयारी ठेवा. शॅकवाल्यांनी मे अखेरीस आवरताना बाटल्या वाळूवर किंवा ताडपत्रीखाली न ठेवता घरात, उंचावर ठेवाव्यात आणि ऑक्टोबरला पुन्हा लावण्याआधी वरची सगळी तपासणी करावी.

रिफिलमध्ये फसवणूक सोपी असते, कारण आत काय आहे ते दिसत नाही. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे नुसता नायट्रोजन भरून काटा हिरवा करणे आणि नवे लेबल चिकटवणे. बाटली देण्याआधी आणि परत आल्यावर तोला. लेबलवरच्या एकूण वजनाशी मेळ बसला पाहिजे. जुनी पावडर आपल्यासमोर रिकामी करायला सांगा. ती अंगणात कोणाला तरी वापरून पाहू द्या : घरातल्या प्रत्येकाने, हॉटेलच्या प्रत्येक पोऱ्याने निदान एकदा तरी खरी दांडी दाबलेली असावी, आणि रिफिलला जाणारी बाटली यासाठी फुकटच मिळते. भरून येईपर्यंत भिंतीवर बदली बाटली मागून घ्या, चांगला विक्रेता देतो.

आग विझल्यावर

दोन सेकंद जरी दाबला असेल तरी तो एक्स्टिंग्विशर परत हूकवर लावायचा नाही. व्हॉल्व्हच्या बैठकीत पावडरचे कण अडकतात, ती नीट बसत नाही आणि रात्रभरात दाब निघून जातो. आडवा ठेवून वेगळा करा, म्हणजे कोणी चुकून उचलणार नाही.

पावडर सांडलेली जागा आधी कोरड्या ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा, पाणी नंतर. यंत्रे, फ्रिजच्या मागचा भाग, स्विचबोर्ड हे त्याच दिवशी, पावसाळा असेल तर काही तासांत. ओल लागलेली पावडर धातूला चिकटून खात बसते. विजेची कामे करणाऱ्याला दाखवल्याशिवाय मेन चालू करू नका. उघडे अन्न, पीठ, मीठ टाकून द्या. डोळ्यांत गेली तर वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवा, खोकला थांबत नसेल तर दवाखाना गाठा. गादी, कापूस, झापे जळली असतील तर ती बाहेर काढून पाण्यात भिजवा आणि पुढचे काही तास दर अर्ध्या तासाने हाताची पाठ जवळ नेऊन ऊब लागते का पाहत राहा.